दहाव्याच्या आधी भेटा

या सदरात आतापर्यंत गुडघे झाले, मधुमेह झाला, रक्तदाब तर तीन वेळा झाला. आज अशा एका औषधाविषयी लिहिणार आहे, जे कोणत्याही मेडिकल स्टोअरमध्ये मिळत नाही आणि जे मी पस्तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये एकाही चिठ्ठीवर लिहून दिले नाही. ते औषध म्हणजे मित्राच्या गावाला एक दिवस जाऊन येणे. औषध साधे आहे, पण वेळेवर घ्यावे लागते. वेळ टळली की त्याचा उपयोग नाही, हे मला फार उशिरा कळले. म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही चौघे मित्र. नाशिकच्या एका वसतिगृहात एकाच खोलीत राहिलो. चौघेही याच जिल्ह्यातले, पण चार दिशांचे. खोलीत कुणी कुणाला नावाने हाक मारीत नसे. घोटीचा तो ‘घोटी’, निफाडचा तो ‘निफाड’, येवल्याचा तो ‘येवला’ आणि मी मूळचा सिन्नरचा म्हणून ‘सिन्नर’. पुढे मी डॉक्टर झालो आणि इंदिरानगरला स्थायिक झालो. घोटी आणि निफाड शेतीत राहिले. येवला शिक्षक झाला आणि निवृत्त होऊन माळावरच्या आपल्या वस्तीवर गेला. चौघांच्या घरांमध्ये फारसे अंतर नाही. तरीही वर्षानुवर्षे आमची भेट म्हणजे फोन. दिवाळीला फोन, पाडव्याला फोन, नातू झाला की फोन. प्रत्येक फोनचा शेवट ठरलेला, “एकदा निवांत ये रे.” आणि उत्तरही ठरलेले, “येतो, नक्की येतो.”

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये निफाड गेला. झोपेतच गेला. दहाव्याला मी इथून निघालो आणि तासाभरात गोदाकाठच्या त्याच्या गावात पोहोचलो. अकरा वर्षे जो एक तास मला मिळत नव्हता, तो त्या दिवशी बिनबोभाट मिळाला. दवाखाना बंद ठेवला, कुणाचे काही अडले नाही. नदीवर घोटी भेटला, येवला भेटला. सगळ्यांना वेळ होता. ज्याच्यासाठी तो काढायचा होता, तो मात्र नव्हता.

आपल्याकडे ही रीतच पडून गेली आहे. लग्नाला नाही गेले तरी चालते, दहाव्याला मात्र जावेच लागते. त्यात गैर काही नाही. माझे म्हणणे एवढेच, की दहाव्याला जाणारी गाडी त्याच रस्त्याने आधीही जाऊ शकते.

इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर संध्याकाळी माझे निम्मे पेशंट मला भेटतात. मुले पुण्याला, बंगळूरला नाहीतर अमेरिकेला. घरात दोघेच, काही घरांत एकटेच. चालण्याचा नेम कुणी चुकवत नाही, आणि तो चुकवूही नये. पण ट्रॅकवर माणूस कितीही चालला तरी निघाला तिथेच परत येतो. “डॉक्टर, रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, पण बरं वाटत नाही,” असे सांगणारे पेशंट मी फार पाहिले. त्यांना मी जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या. “तुमचा जुना मित्र कोण? तो कुठे असतो? शेवटचे कधी भेटलात?” हे तीन प्रश्न मी त्यांना विचारायला हवे होते. विचारले नाहीत, ही माझी चूक.

हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. २०१० साली अमेरिकेतील संशोधकांनी १४८ अभ्यासांची, मिळून तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र करून तपासली. ज्यांचे नात्यागोत्याचे, मैत्रीचे धागे घट्ट होते, ते त्या-त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा जवळजवळ ५० टक्क्यांनी अधिक आढळली. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एकटेपणावर अहवाल प्रसिद्ध केला. जगातील दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध आहे, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे तंबाखू आणि साखर यांच्या जोडीला आम्ही डॉक्टरांनी ‘सोबत’ हाही विषय घ्यायला हवा.

असो. गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही ठरवले, की आता फोन पुरे. घोटी पहाटेच्या एस.टी.ने निघाला आणि पांडवलेणीचा डोंगर मागे टाकून पाथर्डी फाट्यावर उतरला. कानटोपी, मफलर आणि हातात नव्या तांदळाची पिशवी. म्हणाला, “आमच्याकडे धुकं इतकं, की पुढची गाडी दिसेना.” मी, सौ. आणि घोटी असे तिघे निघालो येवल्याकडे. द्वारका ओलांडली आणि निफाडच्या रस्त्याला लागलो.

वाचकहो, आपला जिल्हा किती विविध आहे, याची आपल्यालाच कल्पना नसते. पश्चिमेला इगतपुरीच्या घाटमाथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पूर्वेला येवल्याकडे तोच पाऊस पाचशेच्या आसपास येतो. सह्याद्रीची भिंत समुद्रावरून येणारे ढग अडवते, त्यांच्याकडून पाणी रिकामे करून घेते आणि उरलेसुरले पूर्वेला सोडते. जमिनीचा काळा खडक मात्र सगळीकडे तोच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा. खडक एक, पण पाण्याने त्यावर तीन-चार निरनिराळे मुलूख केले. घोटीला भात आणि नागली, निफाडला द्राक्षे, ऊस आणि कांदा, येवल्याच्या माळावर बाजरी, मका आणि कुसळी गवत. एका दिवसात, दुपारच्या जेवणाच्या आत, हे सगळे पाहता येते. याला विमानाचे तिकीट लागत नाही.

ओढ्याच्या पुढे द्राक्षबागा सुरू झाल्या. निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा वर्तमानपत्रांत छापून येतो. थंडी फार वाढली की बागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. त्यांच्या धुराचा पट्टा बागांवर आडवा पसरला होता. घोटीने काच खाली केली. तो आयुष्यभर भातशेती केलेला माणूस. “हे घड बघ, मणी धरायला लागलेत. एका रात्रीची थंडी आणि वर्षाची मेहनत गेली,” असे म्हणून तो बराच वेळ गप्प बसला. मी या रस्त्याने अनेकदा गेलो असेन. मला तोपर्यंत फक्त ‘द्राक्षे’ दिसली होती. शेतकऱ्याच्या शेजारी बसलो तेव्हा बागेमागचे काळीज दिसले.

चांदोरी मागे पडली आणि निफाडच्या गावाचा फाटा आला. कुणीच काही बोलले नाही. सौ. म्हणाल्या, “वहिनींना भेटल्याशिवाय पुढं कसं जायचं?” गाडी वळवली.

वहिनी ओट्यावर बसून गवार निवडत होत्या. आम्हाला पाहून उठल्या, चहा टाकला. चहा घेता घेता म्हणाल्या, “भाऊजी, दहाव्याला तुम्ही सगळे आला होता, पण मी कुणाला ओळखलंच नाही. आज आलात ते बरं झालं.” मग निफाडच्या गोष्टी निघाल्या. वसतिगृहात त्याने रात्री चोरून केलेल्या खिचडीच्या, खोलीत लपवलेल्या स्टोव्हच्या. वहिनींना यातले काहीच ठाऊक नव्हते. त्या हसल्या, नंतर डोळे पुसले, पुन्हा हसल्या. मुलगा म्हणाला, “डॉक्टरकाका, दोन वर्षांत आई शेत सोडून कुठं गेली नाही.” सौ.नी त्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, “चला आमच्याबरोबर येवल्याला. संध्याकाळी परत सोडतो.” वहिनी आधी नकोच म्हणाल्या. लोक काय म्हणतील, हा प्रश्न त्यांनी तोंडाने विचारला नाही, पण तो तिथे उभा होता. शेवटी सूनबाईच म्हणाली, “जा हो आई, मी आहे ना घरी.” आणि त्या गाडीत बसल्या.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनानेही इतर ग्रामपंचायतींनी त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. ठराव हवेतच. पण कुंकू-बांगड्यांइतकेच घराबाहेर पडणेही महत्त्वाचे आहे. उंबऱ्याच्या आत कोंडलेले दुःख शरीरावर निघते. झोप जाते, भूक जाते, रक्तदाब वाढतो. अशा किती माउल्या पाठदुखी म्हणून दवाखान्यात येतात, हे आम्हा डॉक्टरांना विचारा.

वाटेत वाकडी वाट करून नांदूरमध्यमेश्वरला थांबलो. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर ब्रिटिश राजवटीत बांधलेला हा बंधारा. गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, पाणगवत वाढले आणि त्या गाळाच्या आधाराने पाखरांचे मोठे गाव वसले. १९८६ साली अभयारण्य झाले. २०२० मध्ये रामसर यादीत नाव गेले, आणि तेही महाराष्ट्रातून पहिले. हिवाळ्यात दूर उत्तरेकडून हजारो बदके इथे उतरतात. आम्ही तासभर पाण्याकडे पाहत बसलो. वहिनींचे गाव इथून हाकेच्या अंतरावर. त्या म्हणाल्या, “इतकी वर्षं ऐकत होते, आज पहिल्यांदा बघितलं.”

पाणी आणि झाडे पाहून माणूस बरा होतो का? थोडा होतो. अमेरिकेतील रॉजर उलरिक या संशोधकाने १९८४ मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणारे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची तीव्र औषधेही कमी लागली. २०१९ मध्ये इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांच्या पाहणीत असे दिसले, की आठवड्यातून किमान दोन तास निसर्गात घालवणारे लोक आपली प्रकृती चांगली असल्याचे अधिक प्रमाणात सांगतात. हे दोन तास एकदम मिळाले काय किंवा थोडे थोडे मिळाले काय, फरक दिसला नाही. अर्थात, म्हणून कुणी रक्तदाबाची गोळी बंद करून बदके पाहायला जाऊ नये. गोळी घेऊन जावे.

विंचूर मागे पडले तशी हिरवाई विरळ होत गेली. पैठणीचे येवले ओलांडले आणि राजापूर-ममदापूरच्या बाजूचे माळरान सुरू झाले. वर निळे आकाश, खाली पिवळे गवत, मध्ये एखादी बाभूळ. घोटी पाहतच राहिला. “आमच्याकडं डोंगरानं आभाळ अडवलेलं असतं. इतकं आभाळ मी एका जागी बघितलं नव्हतं,” तो म्हणाला. तेवढ्यात दूरवर काळविटांचा कळप उड्या घेत गेला. चौघेही लहान पोरांसारखे ओरडलो.

आणि मग येवला भेटला. इथे मला माझ्या डॉक्टरकीची लाज वाटली.

गेली दोन वर्षे फोनवर तो तुटक बोलायचा. “हो, हो, बरं आहे, ठेवतो.” घोटीची आणि माझी खात्री झाली होती, की त्याच्या मनात काहीतरी आहे, निवृत्तीनंतर तिरसट झाला आहे. मीही मग फोन कमी केले होते. त्या दिवशी त्याच्या अंगणात बसलो. मी विचारले, “गुडघा कसा आहे?” तो म्हणाला, “कांदा अजून निघायचा आहे.” घोटीने काही विचारले, तर तो नुसता हसला. मी त्याच्या मागे जाऊन हळू हाक मारली. वळला नाही. वहिनी, म्हणजे त्याच्या सौ., म्हणाल्या, “टी.व्ही. इतका मोठा लावतात, की शेजारी बोलतात. कुणी आलं की आत जाऊन बसतात.”

माझा मित्र तिरसट झाला नव्हता. त्याला ऐकू येत नव्हते. फोनवर पलीकडून काय बोलतात ते कळत नसे, म्हणून तो “हो, हो” करून सुटका करून घेत होता. मास्तर माणूस, ऐकू येत नाही हे सांगायला संकोच. दोन वर्षे मी फोनवर त्याच्याशी बोलत होतो आणि मला, एका डॉक्टरला, हे कळले नाही. समोर बसल्यावर पाच मिनिटांत कळले.

उतारवयातील बहिरेपण हळूहळू येते, दुखत नाही, म्हणून दुर्लक्षित राहते. पण न ऐकू येणारा माणूस चारचौघांतून उठून जातो, बोलणे टाळतो आणि हळूहळू एकटा पडतो. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण आपल्या हाती असलेल्या चौदा गोष्टींची यादी दिली. त्यात न सुधारलेले बहिरेपण आहे आणि लोकांत न मिसळणेही आहे. येवल्याला पुढच्याच आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेले. एका कानात मळाचा खडा होता, तो काढला. दोन्ही कानांची श्रवणक्षमता तपासली आणि यंत्र बसवले. आता तो फोनवर इतका बोलतो, की मलाच ठेवतो म्हणावे लागते.

जेवणाविषयी एक खरी गोष्ट लिहितो. चुलीवरची बाजरीची भाकरी, हरभऱ्याची भाजी, ठेचा, घोटीच्या तांदळाचा वाफाळता भात. आम्ही पुरुष मंडळी अंगणात गप्पा मारत होतो आणि येवल्याच्या वहिनी व सूनबाई सकाळपासून चुलीपुढे होत्या. मित्रभेटीचा लाभ आपल्याला आणि धूर त्यांच्या डोळ्यांना, हे काही बरोबर नाही. आमच्या सौ.नी आणि निफाडच्या वहिनींनी पदर खोचला, तेव्हा घोटी आणि मीही ताटे घेतली, पाणी भरले, नंतर भांडी आत नेली. पाहुण्याने डबा घेऊन जावा, नाहीतर हात लावावा. मैत्री चौघांची असली तरी सुट्टी घरातल्या सगळ्यांना मिळायला हवी.

आता थोडे पथ्यपाणी. मधुमेह्यांनी औषधाची आणि खाण्याची वेळ प्रवासातही पाळावी. आग्रह झाला तरी “अर्धी वाढा” म्हणायला लाजू नये. इन्सुलिन उन्हातल्या गाडीत ठेवू नये. चार तासांहून अधिक सलग बसून प्रवास केला, तर पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून तासा-दीड तासाने उतरून शंभर पावले चालावे. वाटेत स्वच्छतागृह नाही म्हणून बायका आणि वृद्ध पाणीच पीत नाहीत. हे वाईट. पाणी प्यावे आणि वाटेत थांबण्याच्या जागा आधी ठरवून घ्याव्यात. गाडी चालवणाऱ्याने जड जेवल्यावर अर्धा तास पडावे. अंधार पडण्याआधी घरी यावे.

गाडी नाही, ही सबब आता चालणार नाही. एस.टी.त २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत झाला, आणि २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट. शिवाय एस.टी.च्या खिडकीतून रस्ता अधिक चांगला दिसतो.

काही वाचक म्हणतील, त्यापेक्षा एखाद्या रिसॉर्टवर जाऊन यावे. जरूर जावे. पण रविवारी पावसाळ्यात घाटात जाऊन पाहा. गाड्यांची रांग, गोंगाट, धबधब्यापुढे फोटो, आणि येताना माणूस जाताना होता त्याहून थकलेला. नुसती जागा पाहायला गेलो की फोटो मिळतो. माणसाकडे गेलो की जागाही कळते, कारण तिथे राहणारा माणूस ती आपल्याला दाखवतो. या विहिरीला एप्रिलात पाणी नसते, या बांधावर मोर येतात, या झाडाखाली वडील बसायचे, हे फलकावर लिहिलेले नसते.

संध्याकाळी वहिनींना त्यांच्या ओट्यावर सोडले. नातू धावत आला, त्याला त्या हरणांच्या उड्या हाताने करून दाखवीत होत्या. परतीच्या वाटेवर घोटी म्हणाला, “सिन्नर, हे आपण निफाड असताना का केलं नाही रे?” माझ्याकडे उत्तर नव्हते. वाचकहो, तुमच्याकडेही नसेल. म्हणून हा प्रश्न पडायच्या आधीच निघा. आजच मित्राला फोन करा आणि “येतो कधीतरी” न म्हणता तारीख सांगा.

आमची पुढची खेप ठरली आहे, घोटीला, पावसात, भाताच्या आवणीच्या दिवसांत. येवला यंत्र लावून येणार आहे. निफाडच्या वहिनींनी तर आमच्याही आधी होकार कळवला आहे.